पोरीची धुंड आणि टोचलेली चित्रं

नळीचं झाकण निघालं आणि आधी घासलेटाचा वास आला.

शामनं नाक आत घातलं, बाहेर काढलं, परत घातलं. पुठ्ठ्याची ही लांब नळी त्यानं दिवाळीत स्वतःच्या हातानं बंजाऱ्यांच्या तांड्यावर, आपल्या घरी आणून ठेवली होती. यवतमाळच्या भाड्याच्या घरात भिंतींना ओल धरलेली, आणि साऱ्या खानदानात कोरडी, बंदोबस्ताची जागा एकच, ती म्हणजे आईची लोखंडी पेटी. "याडी, याले कोणाचा हात लागू देऊ नको," असं त्यानं आईला, धनीबाईला, बजावून सांगितलं होतं. तिनं मान डोलावली होती. मग पेटीत घासलेट आलं कुठून?

आज धुळवड होती. तांड्याची होळी पहाटे उगवतीच्या आधीच पेटून झाली होती आणि अंगणात सुवाळ्या तळायला कढई चढली होती. दुपारी धुंड, म्हणजे नव्या लेकराची होळीची रीत, होती, शाम आणि त्याची बायको रंजिता यांच्या पोरीची. पोरीच्या पाळण्यावर लावायला शामला नळीतलं एकच चित्र हवं होतं: रांगणारं बाळ, अंगातून चहूकडं किरणं फुटलेली.

त्यानं खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून घातले. हसू नका, तो ते नेहमीच घालायचा. मोठा भाऊ बबलू त्याला म्हणायचा, बँडबाजातला मास्तर आला. यवतमाळच्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या माणसाला एकच वेड होतं, कीथ हॅरिंग. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जाहिरातीच्या रिकाम्या काळ्या कागदांवर खडूनं चित्रं काढणारा हा गडी. पोलीस त्याला धरायचे, तो सुटला की पुन्हा काढायचा. पुढं जगात नाव झालं तर त्यानं स्वतःचं दुकान उघडलं, कारण काय, तर चित्र साध्या माणसाच्या घरीही लागलं पाहिजे. हे सारं घरात सगळ्यांना पाठ होतं. बबलू तर ते शामच्या हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवायचा. मूळ चित्रं शामला कोण देणार, पण त्यांच्या चांगल्या कागदावरच्या छापील प्रती तो कॉलेजपासून जमवत होता. कडेचा पांढरा समास मळू नये म्हणून तो ती चित्रं तान्ह्या लेकरासारखी धरायचा.

त्यानं बाळाचं चित्र अलगद उलगडलं आणि खिडकीपाशी धरलं. बाळाच्या अंगाभोवती, प्रत्येक किरणावर, बारीक बारीक भोकं होती. ओळीनं, जवळजवळ, सुईनं पाडलेली. समासावर निळीचे डाग पडले होते आणि कोपऱ्यात एक निळा अंगठा स्पष्ट उमटला होता.

शाम हळूच बाजेवर बसला. मग त्यानं दुसरं काढलं, तिसरं काढलं. नाचणारी माणसं टोचलेली. एकमेकांच्या खांद्यावर चढलेली माणसं टोचलेली. मोठं लाल काळीजसुद्धा टोचलेलं.

"याडी," त्यानं हाक मारली. आवाज इतका शांत होता की अंगणात तळणाऱ्या बायांचे हात थांबले.

संगीतानं झारा कढईच्या काठावर ठेवला आणि जावेकडं पाहिलं. रंजितानं जावेकडं न पाहता सुवाळीकडं पाहिलं, ती केव्हाच लाल झाली होती. बबलूची बायको संगीता ही घरातली मोठी सून. तिनं लग्नाआधी कळंबला शिवणक्लास केला होता आणि या भानगडीचं मूळ तिच्यातच होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. दिवाळी झाल्यापासून आज सापडू उद्या सापडू करत तिनं दिवस काढले होते. निदान सुवाळ्या होऊन सापडायचं होतं, असं तिला वाटलं.

धनीबाई ओच्याला हात पुसत आत गेली. मागोमाग दोघी सुना.

"हे काय हाय, याडी?"

"खाका," धनीबाई म्हणाली.

"खाका नाही हा, माझा प्रिंट हाय."

"आधी तुया प्रिंट होता. आता खाका हाय." तिनं चित्र हातात घेतलं, अगदी नेहमीच्या कागदासारखं, आणि शामनं ते सांभाळायला दोन्ही हात पुढं केले. "हे पाय. कागद कापडावर ठेवायचा, निळीत आन् घासलेटात बोळा बुडवायचा आन् वरून फिरवायचा. खाली साऱ्या रेघा उमटतात. मले नव्हतं येत, माझं सारं धागे मोजून व्हाचं. संगीतानं शिकवलं."

संगीतानं पदर डोक्यावर घेतला. घरात कोणी ओरडणार असलं की ती असाच पदर घ्यायची.

"म्या तुले म्हणलं होतं ना, कोणाचा हात लागू देऊ नको?"

"नाही लागू दिला. घरच्याच बाया होतो."

"याडी."

"आन् मी तुले इचारलं होतं, असली हाय का म्हणून. तू काय म्हणे? म्हणे, असली तिकडं म्युझियमात हाय, ही नुसती कॉपी. आता कॉपी कायले असते? टोचल्याबगर खाका पेटीत ठेवून काय फायदा?"

 आईच्या बोलण्यात शामला फट सापडेना आणि त्यामुळं त्याचा राग आणखी चढला. हातमोजे काढून त्यानं खिशात कोंबले.

"रंजिता, पोट्टीले घे. आपण चाललो यवतमाळले."

बघा, इथं खरी पंचाईत होती. शाम रागावला असता आणि सणभर गाल फुगवून बसला असता तर कोणी फार मनावर घेतलं नसतं. पण त्याच्याशिवाय धुंड होत नव्हती. या तांड्यावर धुंड आजवर पोराचीच झालेली. होळीला घरोघरचे गेरिया, म्हणजे काठ्या घेतलेले जवान गडी, नव्या पोराच्या दारी येतात, त्याच्यावर धरलेल्या दांड्यावर काठ्या वाजवत गाणं म्हणतात, मोठा हो म्हणतात. पोरीसाठी हे कोणी मागितलं नव्हतं. धनीबाईनं मागितलं. नात झाली त्या दिवसापासून ती नवऱ्याच्या मागं लागली होती. धनसिंग तांड्याचा नायक, म्हणजे पुढारी, घरात धनीबाईला घाबरणारा आणि बाहेर गेरियांच्या म्होरक्याला, म्हाताऱ्या सेवादासला. दोघांच्या मधून त्यानं वाट काढली, "पोरीचा बाप उंबऱ्यावर उभा राहून सोताच्या तोंडानं मागंल, तं करू. बापानं मागितल्यावर नाही म्हणायची आपली रीत नाही." सेवादासची खात्री होती की शहरातला मास्तर उंबऱ्यावर उभा राहून हात जोडणार नाही. आणि आता तो मास्तर बॅग भरत होता.

बबलू ट्रॅक्टर उभा करून आत आला तेव्हा त्याला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. टोचलेलं काळीज बाजेवर उघडं पडलं होतं. दोघं भाऊ मागच्या हंगामापासून बोलत नव्हते. कारण असं की शामचं भुंकणाऱ्या कुत्र्याचं एक चित्र बबलूनं काठीला ठोकून तुरीच्या वावरात उभं केलं होतं, रानडुकरं यायची म्हणून. डुकरं आली, चित्राकडं पाहून गेली, तूर खाऊन गेली. शामनं कुत्र्याचं नवीन चित्र मागवलं, पण भावाशी बोलणं बंद केलं ते केलंच.

खरं तर बबलूला आज गंमत वाटायला हवी होती. पण त्यानं हिवाळाभर आईला दिव्याच्या उजेडाऐवजी उन्हाच्या कवडशात सरकत सरकत बसून टाके घालताना पाहिलं होतं. कवडसा सरकला की ती सरकायची, पार गोठ्याच्या दारापर्यंत. कोणासाठी चाललंय, हे त्याला माहीत होतं. तो बॅगेपाशी उभा राहिला आणि त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. हात हवेत फिरवून शामच्या आवाजात सुरू झाला.

"चित्र कोणाचं असते? चित्र सगळ्याईचं असते. राजाचं बी, रिक्षावाल्याचं बी. भिंतीवरून उतरून चित्र मानसाच्या अंगावर आलं पाह्यजे, असं तो म्हणे..."

"भिया, बंद कर," शाम म्हणाला.

मागच्या हंगामापासून भावाशी बोललेले हे त्याचे पहिले शब्द. बबलूला त्यातही बरं वाटलं, पण बॅगेची चेन लागलीच.

"तुमीच म्हणता ना थे वर्गात," रंजिता दारातून म्हणाली. पोरगी तिच्या कडेवर होती. "मग घरात वेगळं काहून?"

"तुले माहीत होतं?"

"म्या नीळ कालवली. तो अंगठा माझाच हाय."

शामनं बायकोकडं असं पाहिलं की जणू ती सासरी नसून शत्रूकडं राहायला गेली होती. आणि एका अर्थी खरंच होतं. लग्न होऊन आली तेव्हा रंजिता तांड्याला 'तुमच्याकडं' म्हणायची. सासू तिच्याशी मोजकं बोलायची, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, आणि ही मराठीत उत्तर द्यायची. बाळंतपणाला इथं राहिली तेव्हाही दोघींत चहा-पाण्यापलीकडं काही नव्हतं. एका दुपारी धनीबाईनं पेटीतून नळी काढली, ते नाचणारे लोक बाजेवर पसरले आणि विचारलं, "याईले तोंड काहून नाही?" रंजिताला हसू आलं. मग धनीबाईलाही आलं. त्या दिवशी दोघी पहिल्यांदा एकत्र जेवल्या होत्या. आता या माणसाला हे कसं सांगावं, हातमोजे घालून चित्र धरणाऱ्याला.

"तुमी जा," ती म्हणाली. "पोरगी आज इथंच राहीन. मी बी."

अंगणातून धनसिंगचा आवाज आला. "अरे, इस्तव इझून राह्यला. घास टाकायचा हाय का नाही?"

सणाला गोड केलं की आधी चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-लापशीचा घास टाकायचा आणि गेलेल्यांची नावं घ्यायची, ही घरची रीत. राग, भांडण, बॅग, सगळं त्यानंतर. शामही उठला. त्याला उठावंच लागलं, कारण घास टाकताना घरातलं जिवंत माणूस घरात बसून राहत नाही. सगळे चुलीभोवती उभे राहिले. धनसिंगनं बापाचं नाव घेतलं, देवीलाल. आजाचं घेतलं. लहानपणी गेलेल्या बहिणीचं घेतलं. प्रत्येक नावाला निखारा चरचरला.

"झालं?" धनसिंगनं विचारलं.

"आनखी एक," धनीबाई म्हणाली. मग ती लेकाकडं वळली. "तुया थो चित्रवाला जिता हाय का रे?"

शामला वाटलं आता हिला कशाला पाहिजे. "नाही," तो म्हणाला. "कवाचाच गेला. मी लहान होतो तवा."

"म्हातारा होऊन?"

"एकतिसाव्या वर्षी. आजारानं."

धनीबाईचा हात लापशीच्या ताटात थांबला. एकतीस म्हणजे बबलूहून लहान, शामहूनही लहान.

"लेकरं?"

"नव्हती."

"मंग त्याच्या नावानं घास कोण टाकते?"

 शामनं या माणसाची इतकी चित्रं जमवली, इतक्या वर्गांत इतक्या वेळा त्याचं आयुष्य सांगितलं, पण हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

"हे पायजो," धनसिंग म्हणाला, "थो काही आपल्या गोताचा नाही."

"नसू दे. हिवाळाभर त्याच्या रेघेवर मी सुई चालवली. ज्याच्या रेघेवर चाललो त्याले सणाच्या दिवशी उपाशी ठेवता का?" मग ती पुन्हा शामकडं वळली आणि आवाज खाली आला. "त्याले इचारता आलं नाही मले. तुले इचारता येत होतं. नाही इचारलं. तू नाही म्हणशील म्हणून नाही इचारलं, खरं सांगतो. थे माझं चुकलं. आता नाव सांग बापाले."

शामला रडू आलं. चांगलं मोठं, सर्वांसमोर, आणि ते लपवायला त्यानं चुलीचा धूर लागल्यासारखं केलं, पण धूर तर दुसरीकडं चालला होता. "कीथ हॅरिंग," तो म्हणाला.

"कीथ हॅरिंग," धनसिंग नायकानं आपल्या बापाच्या नावासारखंच भरड आवाजात म्हटलं आणि घास निखाऱ्यावर टाकला. तूप चरचरलं.

 मग संगीतानंच धीर केला. ती आत गेली आणि कापड घेऊन आली. "आता पायता तरी का, भाऊजी? निदान शिव्या तं पाहून द्या."

कापड लाल होतं. मधोमध ते बाळ रांगत होतं आणि त्याच्या प्रत्येक किरणाच्या टोकाला आरसा जडवला होता. ऊन पडलं तसे अंगणाच्या मातीवर, बबलूच्या शर्टावर, धनसिंगच्या पागोट्यावर उजेडाचे तुकडे हलू लागले. कडेनं नाचणारी माणसं फेर धरून होती. शाम वाकला. नाचणाऱ्यांना घागरे होते. गड्यांना धोतरं होती. बाळाच्या पायात वाळा होता.

"हे असे नव्हते," तो म्हणाला.

"उघडेच होते बिचारे," धनीबाई म्हणाली. "सणाले तसे कसे आणावे? म्या कपडे घातले."

शाम हसला. आधी थोडं, मग बबलूकडं पाहून जास्तच. बबलू तर कधीचा हसू दाबून उभा होता.

"आनी कुत्रं?" शामनं विचारलं. "कुत्रं नाही दिसत यात."

"त्याले हात नाही लावला. त्याच्यापायी आधीच दोन भाऊ बोलणं सोडून बसले. म्हणलं, एकच चित्र असं हाय का ज्यानं घरात भांडण होते, थे नळीतच राहू दे."

दोघा भावांनी एकाच वेळी जमिनीकडं पाहिलं.

दुपारी डफ वाजवत गेरिया आले. पुढं सेवादास, मिशीला रंग लागलेला, तोंडावर तीच खात्री. अंगणात गर्दी झाली. आणि उंबऱ्यावर शाम उभा होता, रंगानं निळा-हिरवा झालेला, कडेवर पोरगी. त्यानं तिला रंजिताकडं दिलं आणि हात जोडले. सकाळपर्यंत त्याला वाटत होतं की हे करताना लाज वाटेल. वाटली नाही. 

"गेरियाहो, माझ्या दारी या. माझ्या लेकीची धुंड करा."

सेवादासनं डफ खाली केला. "मास्तर, तुमी मागितलं, आमी करू. पण गाणं कोणतं म्हणावं? सारी गाणी पोराची हायेत."

"पोराचं जे म्हणता थेच म्हणा," धनसिंग बोलला. घरात आणि बाहेर एकाच वेळी न घाबरता बोलायचा त्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. "बेटा येईल तिथं बेटी म्हणा. सुरात बसते. मी सकाळपासून गोठ्यात म्हणून पाह्यलं."

मग काय, हसू फुटलं आणि सेवादासलाही फुटलं. चौघींनी लाल कापडाची टोकं धरली, पोरगी खाली रंजिताच्या मांडीवर. वर आडव्या धरलेल्या दांड्यावर काठ्या वाजू लागल्या आणि धुंड झाली. कापड हललं की आरशांचा उजेड पोरीच्या तोंडावरून फिरायचा आणि ती मूठ उघडून तो धरायला बघायची. पहिल्या दोन ओळींत सेवादास सवयीनं 'बेटा'च म्हणाला. तिसरीपासून त्याला बरोबर यायला लागलं.

धुंड झाली की सुवाळ्यांचं पातेलं पळवायचं, ही पुढली मजा. पातेलं अंगणात खुंट्याला बांधलेलं, भोवती बाया ओल्या फोका घेऊन उभ्या. गड्यांनी मार खात ते सोडवायचं. शाम शहरातला, तो बाजूला उभा राहील असं सगळ्यांना वाटलं. पण बबलू म्हणाला, "तू डावीकून, मी उजवीकून," आणि शाम धावला. त्याला सगळ्यात जास्त फोका बसल्या. त्यातल्या निम्म्या संगीताच्या होत्या, सकाळच्या भीतीचा हिशेब म्हणून, आणि उरलेल्या रंजिताच्या. पातेलं बबलूनं पळवलं.

पाठ चोळत शाम ओसरीवर बसला होता तेव्हा शेजारची तानी काकी आली. तिच्याही घरी नात झाली होती, पौषात. ती थोडा वेळ कापडाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "धनी, पुढच्या होळीले आमच्या पोट्टीची बी करता येईन का? खाका भेटंल का एखांदा?"

 धनीबाईनं लेकाकडं पाहिलं. या वेळी तिला विचारायचं होतं.

शाम उठला, आत गेला आणि ते बाळाचं चित्र घेऊन आला, भोकांचं, निळ्या अंगठ्याचं. हातमोजे घालायचं त्याच्या लक्षातही आलं नाही. "घेऊन जा, काकी. पण परत आणा बरं, इतर घरीबी लागंल."

"आन् आपल्या पाळण्यावर काय लावता?" रंजितानं विचारलं.

"कापड हाय ना."

मग तो पुन्हा आत गेला. नळीच्या तळाशी एक चित्र उरलं होतं, पांढरंशुभ्र, एकही भोक नसलेलं. त्यानं ते ओसरीवर आणून पाटावर पसरलं. उघड्या जबड्याचं, भुंकणारं कुत्रं.

"याडी, सुई दे."

"याले कायले टोचतो? चांगलं हाय थे."

"पोरीच्या दाराशी कुत्रं पाह्यजे ना." त्यानं मान वर न करता हाक मारली. "भिया, इकडं ये. कोपरा धर, कागद गुंडाळून राह्यला."

बबलू सुवाळी खात आला, हात धोतराला पुसले आणि पाटाशी बसला. "हातमोजे घालू का?"

"राहू दे," शाम म्हणाला आणि पहिली सुई कुत्र्याच्या जबड्यात टोचली.